आबांचा दुसरा आवाज

आमच्या गल्लीत पोरं जेवायला बसली की माझ्या वडिलांचं नाव निघायचं. "गप जेव, न्हायतर हवालदार येत्यात बघ," असं कुणाची तरी आई ओरडायची आणि दोन भिंतींपलीकडं आमच्या घरात ते हवालदार पाटावर मांडी घालून आमटीत भाकरी कुस्करत बसलेले असायचे. आबांना ते ऐकू जायचं. ते हसायचे. "आपल्यामुळं गल्लीतली पोरं पोटभर जेवत्यात तरी," म्हणायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायची. आई मात्र हसायची नाही. ती तव्याकडं बघत राहायची आणि नको असताना माझ्या ताटात अजून एक चतकोर टाकायची.

पोलीस लाईनीत खोली मिळाली नव्हती म्हणून आम्ही या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. गल्लीत खाकी कपडे वाळत पडलेलं घर आमचं एकटंच. आई शाहूवाडीकडची, भाताच्या मुलखातली. माहेराहून आलेल्या तांदळाची पेज काढून ती आबांच्या गणवेशाला खळ द्यायची. त्यामुळं आमच्या घराला कायम पेजेचा आणि गरम इस्त्रीचा वास असायचा. पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासायचं काम माझं. त्यात माझं नाक आडवं-तिडवं दिसेपर्यंत मी ते घासायची. आबांच्या बुटांना नाल होते. ते गल्लीच्या तोंडाशी आले की फरशीवर नालांचा आवाज यायचा, आणि आईचा हात आपोआप चुलीकडं जायचा.

घरात आबांचा आवाज इतका हळू असायचा की पलीकडच्या खोलीतून त्यांचं बोलणं कळायचं नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे ते मला सायकलच्या दांडीवर बसवून दूधकट्ट्यावर न्यायचे. म्हशी ओळीनं उभ्या असायच्या, धार काढून समोरच पेला भरून द्यायचे, आणि वरचा फेस माझ्या ओठांवर बसला की आबा आपल्या रुमालानं तो टिपायचे. "सावकाश पी, बाळ. म्हस काय पळून जात न्हाय," म्हणायचे. मला ते बाळ म्हणायचे. मी दहा वर्षांची होते, आणि मला वाटायचं की जगात सगळ्यांशीच ते असं बोलत असतील.

गल्लीतली पोरं माझ्याशी भांडायची नाहीत, मारायची नाहीत, चिडवायचीही नाहीत. वरवर बघितलं तर मला काहीच त्रास नव्हता. पण खेळताना मी कधी बाद व्हायची नाही. लंगडीत पाय टेकला तरी "न्हाय, न्हाय, टेकला न्हाय" असं सगळी एका सुरात म्हणायची. शिवाशिवीत मला न शिवताच पोरं पुढं निघून जायची, जणू मी तिथं नव्हतेच. लपंडावात माझ्यावर राज्य यायचंच नाही. पहिल्या-पहिल्यांदा मला वाटलं, मी फार चांगली खेळते. मग एका दुपारी मी मुद्दाम दोन्ही पाय टेकून उभी राहिले, सगळ्यांच्या समोर, आणि तरीही कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन ट्रंकेमागं बसून रडले. आईनं विचारलं, कुणी मारलं का? मी नाही म्हटलं. काय सांगणार होते?

मग शालन आली. तिचं घर मूळचं कसबा बावड्याकडचं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला, आणि आई, इंदुमावशी, दिराच्या मळ्यातली भाजी टोपलीत घालून मंडईत विकायला बसायची. मंडई जवळ पडावी म्हणून त्यांनी आमच्या गल्लीत शेवटची खोली घेतली होती. पहिल्याच दिवशी लंगडीत माझा पाय टेकला आणि पोरांनी नेहमीचा सूर लावला, तशी शालन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आंधळी हाईसा व्हय रं? टेकला की पाय! ए पोरी, तू बाद हाईस. भाईर हो." मी बाहेर झाले. भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की तो कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड वळवून घेतलं.

त्यानंतर मी संध्याकाळच्या संध्याकाळ शालनच्या घरी असायची. उरलेली भाजी निवडत इंदुमावशी उंबऱ्यात बसायची. चाकवत, पोकळा, शेपू, सगळ्याचा मिळून एक ओला हिरवा वास त्या खोलीत असायचा. शालनची धाकटी बहीण छबी चार वर्षांची. तिचे केस उन्हानं तांबूस झालेले, आणि तोंडात सदा हरभऱ्याचा घाटा. ती मला मंगल न म्हणता 'मंगी' म्हणायची आणि माझ्या वेणीचं टोक धरून बसायची. फक्त गल्लीत नालांचा आवाज आला की वेणी सोडायची आणि आईच्या पदरात शिरायची. आबा जाता जाता थांबायचे. "काय वहिनी, मेथी हाय का आज?" म्हणायचे. "हाय की साहेब, न्या की," असं म्हणत इंदुमावशी दोन पेंढ्या पुढं करायची. ती आबांच्या तोंडाकडं बघायची नाही, त्यांच्या बुटांकडं बघायची. हे मी तेव्हाही पाहत होते. पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावायचं ते वय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तो लावायचाही नव्हता. एक मैत्रीण मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती.

भोगीच्या आदल्या दिवशी आईला ताप भरला. आबा रोज सकाळी डबा घेऊनच जायचे, पण त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला, म्हणून दुपारी तिनं माझ्याकडं डबा देऊन मला मंडईजवळच्या चौकीवर पाठवलं. मी आबांना कामावर कधीच बघितलं नव्हतं. मोठ्या ऐटीत निघाले. भोगीला सतरा भाज्या लागतात, त्यामुळं मंडई आत मावत नव्हती, रस्त्यावर आली होती. घेवडा, वांगी, गाजरं, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडी, आणि ते घ्यायला लोटलेल्या बायका. मला इंदुमावशी लांबूनच दिसली. रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसली होती, आज गिऱ्हाईक होतं म्हणून चेहरा फुललेला होता, आणि तिच्या मांडीला टेकून छबी बोरं खात होती. मी हाक मारणार होते.

तेवढ्यात तो आवाज आला. मी खरोखर इकडं तिकडं बघितलं, कोण ओरडतंय म्हणून. "ए! उचला! उचला म्हंतोय न्हवं! तुझ्या बाचा रस्ता हाय व्हय गं?" मोठा, खरखरीत, पत्र्यावर दगड ओढावा तसा आवाज. बायका टोपल्या उचलून पळायला लागल्या, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून आबा आले. हातात काठी, मानेच्या शिरा ताठ. इंदुमावशीला उठायला उशीर झाला. भाजी पसरलेली होती, ती दोन्ही हातांनी गोळा करत होती. "उचलतो साहेब, उचलतो," म्हणत होती. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, उचलतो, जातो, येतो. आबांनी तिच्याकडं बघितलं. त्यांनी तिला ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. काल संध्याकाळीच ते तिला वहिनी म्हणाले होते. आणि मग त्यांनी पायानं टोपली उडवली.

तिच्या अंगाला पाय लागला नाही. टोपली कलंडली, चाकवताच्या पेंढ्या रस्त्यावर गेल्या, त्यावरून एक हातगाडी गेली. एवढंच झालं. आबा पुढच्या बाईकडं वळले. त्यांच्या दृष्टीनं ते रोजचं काम होतं, आणि रस्त्यावरच्या कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. इंदुमावशी भाजीमागं धावली. आणि छबी, ओठ घट्ट मिटून, एक अक्षर न बोलता, उलट्या बाजूला पळाली. मंडईच्या मागं गुळाच्या वखारी होत्या. त्या बोळात ती शिरताना मी तिला बघितलं. तिच्या झग्याचा मागचा बंद सुटलेला होता, तोही मला दिसला.

मी चौकीच्या बाकावर डबा ठेवला आणि घरी पळत आले.

दोन तासांनी गल्लीत रडारड सुरू झाली. छबी सापडत नव्हती. इंदुमावशीला वाटलं होतं पोरगी शेजारच्या भाजीवालीकडं असेल, शेजारणीला वाटलं आईबरोबर गेली असेल. उसाच्या गाड्या, ट्रक, भोगीची गर्दी, आणि चार वर्षांची पोर. शालन घामानं ओली होऊन मंडईतून परत आली होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "अगं, गल्लीतच हवालदार हाईत की. त्येंना सांग जा." इंदुमावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नगं आत्ती. तितं जाऊन काय मिळायचंय? पोर सांभाळाय येत न्हाय म्हणून चार शिव्या मिळत्याल." मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि ती गप्प झाली. शालन माझ्याजवळ आली. "मंगल, तू दुपारी मंडईकडं गेलतीस न्हवं? छबीला बघितलीस काय कुठं?"

मी म्हणाले, "न्हाई."

या एका शब्दाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. बघितलं म्हटलं असतं तर काय बघितलं हे सांगावं लागलं असतं. टोपली सांगावी लागली असती, पाय सांगावा लागला असता, तो आवाज सांगावा लागला असता. मला वाटलं, मी बोलले नाही तर ते झालंच नाही असं राहील. आणि पोर काय, सापडेल कुणाला तरी. मी घरात येऊन तापानं फणफणलेल्या आईच्या पायथ्याशी बसले. बाहेर शालन छबीच्या नावानं हाका मारत गल्लीतून गेली, परत आली, परत गेली. दर खेपेला तिचा आवाज जास्त बसलेला असायचा. आई गुंगीतच म्हणाली, "कोण गं हरवलंय?" मी म्हणाले, कुणी नाही, तू नीज.

ऊन भिंतीवरून उतरलं. थंडी पडायला लागली तशी मला त्या झग्याचा सुटलेला बंद दिसायला लागला. दिवेलागणीच्या आधी मी उठले आणि चौकीवर गेले. आबा बाकावर बसून बशीतून चहा पीत होते, बरोबर दोन शिपाई होते. मला बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. "काय बाळ? आईला बरं हाय न्हवं?"

"छबी हरवलीय. शालनची छबी," मी म्हणाले. "तुम्ही टोपली लाथाडलीसा तवा ती पळाली. गुळाच्या वखारीकडं. मी बघितलं."

शिपायांनी दुसरीकडं बघितलं. आबांनी बशी खाली ठेवली, पण ती बाकाच्या कडेवर ठेवली गेली आणि पडून फुटली. त्यांनी तिकडं बघितलंही नाही. टोपी घातली आणि निघाले. मी त्यांच्यामागून चालले. वाटेत शालन आणि इंदुमावशी भेटल्या. आबा म्हणाले, "चला, वखारीकडं," आणि त्या मुकाट्यानं मागून आल्या.

माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी काही कमी केलं नाही, हेही लिहायला हवं. त्यांनी वखारी उघडायला लावल्या, हमालांना हलवलं, गाड्यांखाली वाकून बघितलं, गुडघ्यावर रांगले. आणि सारखे हाका मारत होते. "छबे! ए पोरी! कुठं हाईस? भाईर ये!" त्यांनी तो आवाज शक्य तेवढा गोड केला होता, पण तो दुपारचाच आवाज होता. बोळ त्यानं भरून जायचा. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या तरटांनी झाकलेल्या होत्या, त्यांच्यामधून ते तीनदा गेले, तीनदा आले. नाल फरशीवर वाजत होते. शेवटी शालन त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. दहा वर्षांची पोर, हुंदके आवरत होती, पण मान वर होती.

"तुम्ही हाका मारू नगासा," ती म्हणाली. "तुमचा आवाज हाय तवर ती यायची न्हाय."

इंदुमावशीनं तिला मागं ओढलं. "पोरगी हाय साहेब, तिला काय कळतंय," म्हणाली. आबा तसेच उभे होते. मला वाटलं ते ओरडतील. ते बूट न वाजवता, टाचा उचलून, बोळाच्या तोंडाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मग शालननं हळूच हाक मारली, "छबू, मी आलोय गं. गेला तो. ये."

'गेला तो' हे आबांना ऐकू गेलं असणार. बोळ फार लांब नव्हता.

थप्पीतलं एक तरट हललं. छबी तिथंच होती, ज्या थप्पीपाशी आबा तीनदा थांबले होते तिच्या मागं, हाताच्या अंतरावर. गुळाला मुंगळे लागले होते. तिच्या दोन्ही पायांना, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मुंगळे डसले होते. काही अजून चिकटलेले होते. पाय सुजून लाल झाले होते आणि ती इतका वेळ हूं की चूं न करता बसली होती. आईच्या कुशीत गेल्यावर मग तिनं तोंड उघडलं, आणि ते रडणं मी पुन्हा कुठल्या मुलाचं ऐकलं नाही. इंदुमावशी मुंगळे काढत होती. शालन माझ्याकडं वळली.

"तुला ठावं हुतं?"

मी मान हलवली. छबीचा एक पाय तिनं धरला, दुसरा आईनं, आणि त्या तिला तशीच उचलून घेऊन गेल्या.

पुढं मी शिक्षिका झाले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत पोलीस ठाण्यातले अधिकारी शाळेत यायला लागले. मुलांना खाऊ द्यायचे, आम्ही तुमचे मित्र आहोत म्हणायचे, फार गोड बोलायचे. मुलं टाळ्या वाजवायची. मी मागं उभी राहून मुलांची तोंडं बघायची आणि मनात यायचं, काल संध्याकाळी चौकात यातल्या कुणाच्या तरी बापाशी हेच साहेब कसे बोलले असतील, आणि त्या बापाच्या गाडीवर मागं यातलं कोणतं पोर बसलं असेल. त्यांच्यात मनापासून बोलणारेही होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या वडिलांइतका माया करणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तरी एक लेकरू मुंगळ्यांना पाय देऊन बसलं, पण त्यांच्या हाकेला आलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी आबा दुपारनंतर मोकळे झाले. त्यांनी गणवेश उतरवला, धुतलेला पांढरा लेंगा-सदरा घातला, पायात साध्या चपला. दोन दिवस ते घरात जेवढ्यास तेवढं बोलत होते. आईला मी सगळं सांगितलं होतं. तिनं वाटीत तिळगूळ घालून त्यांच्या हातात दिला. आबा मला म्हणाले, "चल." आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. मला माहीत होतं ते काय बोलायला चाललेत. त्यांचे ओठ चालताना हलत होते.

इंदुमावशी दारातच होती. आम्हाला बघताच लगबगीनं उठली, डोक्यावर पदर घेतला. "या, या साहेब. शालन, पाट दे गं साहेबांना." शालननं पाट आणून ठेवला आणि आत गेली. छबी आत अंथरुणावर होती. तिचे हळद लावलेले पाय मला दारातून दिसले, आणि दिसता दिसता ते गोधडीत ओढले गेले. आबा पाटावर बसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला. "वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी..."

"आमचंच चुकलं साहेब," इंदुमावशी घाईनं म्हणाली. तिनं हात जोडले होते. "रस्त्यात बसाय नगं हुतं. परत न्हाय बसत. आणि पोरीनं तुम्हास्नी इतकं हिंडवलं. मनात ठेवू नगासा. आमास्नी हितंच ऱ्हायाचं हाय."

त्यांनी वाटी पुढं केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, रिकामी करून धुऊन परत दिली. म्हणाली, "चा टाकतो." आबा म्हणाले, "नको." मी शालनची वाट बघत उभी होते. ती बाहेर आली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी इंदुमावशीनं खोली सोडली आणि मुलींना घेऊन ती बावड्याला दिराच्या मळ्यात राहायला गेली. मला ते शाळेतून आल्यावर कळलं.

संक्रांतीच्या त्या संध्याकाळी आबा आमच्या उंबऱ्यावर बसले होते. मी आत भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "पोरीच्या पायाला दवाखान्यातलं काय लावलंय का नुसती हळदच? इचारायचं ऱ्हायलं." त्यांचा आवाज घरातलाच होता, हळू. "जाऊन इचारून येतीस, बाळ?"

"मी न्हाई जात," मी म्हणाले.

त्यांना मी आधी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. ते रागावले नाहीत. चपला न घालताच उठले आणि गल्लीतून शालनच्या घराकडं चालायला लागले. अर्ध्या वाटेवर गल्लीचा नळ होता. तिथं ते थांबले. पलीकडच्या दाराकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी नळ सोडला, लेंगा वर धरला, आणि आधी एक, मग दुसरा, असे पाय धुतले. खूप वेळ, घासून घासून धुतले. नळ बंद केला आणि घरी परत आले.